आपले मासे म्हणजे नेमके कुठल्या पाण्यातले? बेळगावातल्या एका तीन फुटी प्लांटेड (जिवंत झाडं लावलेल्या) टँकचं प्रकरण

देशी मासे पाळायचे म्हणून हल्ली बरेच जण विचारतात आणि विचारताना बहुतेकांच्या डोक्यात प्रश्न एवढाच असतो की दिसायला कुठला चांगला आणि किती वाढतो. खालच्या प्रकरणात तो प्रश्न शेवटी आला, आधी तीन वेगळेच प्रश्न सोडवावे लागले, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. माणसांची नावं गाळलीत, आणि ज्या मामांनी हे मासे आणले त्यांच्या गावाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, नाहीतर पुढच्या पावसात तिथं जाळी घेऊन चार गाड्या उभ्या राहायच्या.

पार्श्वभूमी

घर शहापूर भागातलं. सर हायस्कूलला विज्ञान शिकवतात, वहिनी बँकेत, मुलगी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला. टँक हॉलमध्ये, ३६ बाय १५ बाय १८ इंच, म्हणजे हिशोबाने साधारण १६० लिटर, पण खाली माती, वर वाळू, लाकूड आणि दगड धरले तर पाणी १३० लिटरच्या आसपासच बसतं. सीओटू नाही, हीटर होता, एलईडी टायमरवर आठ तास, एक हँगिंग फिल्टर आणि कोपऱ्यात स्पंज फिल्टर. झाडं मस्त जमलेली, मागं वॅलिस्नेरिया, मधे हायग्रोफिला आणि रोटाला, पुढं क्रिप्टोकोरीन. ही टँक बघायला शेजारपाजारचे यायचे इतकी बरी होती.

मासे मात्र टिकत नव्हते. आधी कार्डिनल टेट्रा आणि रॅमची एक जोडी होती. या दोघांना पाणी कोमट लागतं, २५च्या खाली गेलं की कुरकुर सुरू. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, डिसेंबर-जानेवारीत पहाटे बाहेर १३-१४ असतं, त्यात रात्री लाईट गेली की हीटर बंद, पाणी १९-२०ला उतरणार आणि लाईट आली की परत चढणार. या चढउतारात व्हाईट स्पॉट (अंगावर पांढरे ठिपके उठणारा रोग) आला आणि टँक जवळजवळ रिकामी झाली. तेव्हा सर म्हणले, "दक्षिण अमेरिकेतल्या माशाला उबदार ठेवायला आपण बिल भरायचं, आणि खानापूरच्या व्हाळात (ओढ्यात) मासे थंडीत बिनघोर फिरायलेत. मग तेच का आणू नयेत?"

विचार चांगलाच होता आणि तो आजही बरोबरच वाटतो. हीटर काढला, चार-पाच महिने टँक नुसती झाडांवर चालू ठेवली, दुकानातनं आणलेले दोन-चार गप्पी तेवढे फिल्टर (म्हणजे त्यातले घाण पचवणारे बॅक्टेरिया) जिवंत राहावा म्हणून आत. नळाचं पाणी रोज येत नाही, त्यामुळं बॅरलात साठवलेलंच टँकला घालायचे, त्यात क्लोरीन आपोआप उडून जातो, हा एक गैरसोयीतला फायदा.

अडचण कशी उभी राहिली

वहिनींचे थोरले भाऊ, म्हणजे मुलीचे मामा, खानापूर तालुक्यात कणकुंबीच्या बाजूला असतात. भावोजींना देशी मासे पाहिजेत हे त्यांच्या कानावर गेलेलं. जूनमध्ये पहिला जोरदार पाऊस झाला की तिकडं चढणीचे मासे लागतात, नदीतले मासे अंडी घालायला व्हाळातनं वर भाताच्या शेतात चढतात आणि लोक ते जाळ्यानं, टोपलीनं, हातानंसुद्धा धरतात. खायला धरतात, शतकानुशतकं धरत आलेत, त्यावर मला काही बोलायचं नाही. तर एका रविवारी संध्याकाळी मामा बाईकला प्लास्टिकचा कॅन बांधून हजर, आत पस्तीसेक जिवंत मासे.

"भावोजी, घ्या तुमचे देशी मासे," म्हणत मामांनी अर्धा कॅन थेट टँकमध्ये ओतला. मुलगी आतनं पळत आली, म्हणली, "मामा थांबा की, पाण्याचं टेंपरेचर तरी बघूदे," म्हणून उरलेला अर्धा कॅन आंघोळीच्या मोठ्या टबात गेला आणि त्यात नवा एअरपंप लावला. हा अर्धा-अर्धा भाग लक्षात ठेवा, पुढं सगळं त्याच्यावरच फिरलं.

सकाळी टँकमधलं पाणी गढूळ, गप्पी गायब, रोटालाची शेंडं कुरतडलेली आणि दोन मासे फिल्टरच्या धारेखाली काचेला चिकटून भराभर कल्ले मारताहेत. किटनं अमोनिया (माशांच्या घाणीतनं तयार होणारं विष) बघितला तर अर्धा पीपीएम. तसा तो येणारच होता, नुसत्या चार गप्पींवर चाललेल्या फिल्टरवर एका रात्रीत वीसेक रानमासे टाकले तर त्यातले बॅक्टेरिया तरी किती पुरे पडणार. मग मला फोन आला.

आधी मोजदाद आणि ओळख

औषध, डोस वगैरे काही करायच्या आधी आत नक्की काय आहे ते बघणं गरजेचं होतं, कारण कॅनमध्ये आलेला प्रत्येक मासा बोटाएवढाच होता आणि बोटाएवढा असताना सगळेच गरीब दिसतात. पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्यात थोडं पाणी घेऊन एकेक मासा घेतला, वरनं आणि बाजूनं फोटो काढला, मिशा मोजल्या. मुलीनं वहीत लिहिलं.

टँकमध्ये निघाले ते असे. नऊ टिक्टो बार्ब, म्हणजे चंदेरी अंगावर दोन काळे ठिपके, एक कल्ल्याच्या मागं आणि एक शेपटीच्या अलीकडं, मिशा नाहीत. (दुकानात रोझी बार्ब म्हणून जो मिळतो त्याला एकच ठिपका असतो, तो शेपटीकडचा. टिक्टोच्याच पेथिया गटातले सह्याद्रीतले बार्ब एकमेकांसारखे दिसतात, त्यामुळं फोटो जाणकाराला दाखवून घेतलेले बरे, तसे ते दाखवले.) सहा रास्बोरा, अंगभर एक सरळ काळी रेघ. चार वाळूत घुसणाऱ्या छोट्या मुरी, म्हणजे लोच. दोन मल्या, म्हणजे गारा, खडकाला चिकटणारे, काचेला चिकटून धापा टाकणारे हेच. एक शिंगाळ्याचं पिल्लू, चार जोड्या मिशा. आणि एक असा मासा ज्याच्या शेपटीला आणि वरच्या पराला निळसर कड आणि नारिंगी किनार होती, सगळ्यात देखणा, सगळ्यांना तोच आवडलेला. ते चन्ना गचुआचं पिल्लू, मरळीच्या जातीतलं. गप्पी कुणी खाल्ले हा प्रश्न तिथंच मिटला.

टबात आठ देवारिओ, निळ्या-सोनेरी पट्ट्यांचे, आणि पाच मल्या.

खरा पेच: हे आले कुठनं

मुलीनं फोन लावला. "मामा, हे सगळे एकाच ठिकाणचे काय?" मामा सरळ माणूस, लपवालपवी नाही. म्हणले, "न्हाय गं, ठिपकेवाले आणि रेघवाले आपल्या शेतातले. ते पट्ट्यापट्ट्याचे आणि दगडाला चिकटणारे तिकडं पलीकडं पाव्हण्यांच्यात गेलतो तिथल्या व्हाळातले." टँकमधल्या मल्यांसकट सगळे मल्या पलीकडचे.

पलीकडं म्हणजे कुठं हे मोबाईलवर नकाशा उघडून बघितलं. कणकुंबीचा भाग म्हणजे पाणलोटाचा कणा, मलप्रभा तिथं उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडं जाते, आणि तिथनं फार लांब नाही अशा व्हाळांचं पाणी पश्चिमेला उतरून म्हादईला, पुढं गोव्यात जातं. कळसा-भांडुऱ्याच्या (म्हादईचं पाणी मलप्रभेकडं वळवायच्या) भांडणामुळं ही दोन खोरी वेगळी आहेत हे बेळगावच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण ते पाण्याच्या टीएमसीपुरतं. माशांच्या बाबतीत कुणी तसा विचारच करत नाही. मासा डोंगर चढून पलीकडं जात नाही, त्यामुळं हजारो वर्षं वेगळ्या राहिलेल्या दोन नद्यांत वरनं सारखे दिसणारे मासे आतनं वेगळे असू शकतात, आणि काही जाती तर एकाच बाजूला सापडतात. गोवा आणि कर्नाटकच्या पश्चिमवाहिनी ओढ्यांतला नारायण बार्ब याचं उदाहरण, तो तेवढ्याच भागात आहे आणि धोक्यात आलेल्या यादीत आहे. कृष्णेच्या एखाद्या ओढ्यात तो दिसला तर कुणीतरी सोडला असं समजायचं.

दुसरं म्हणजे भीमगड अभयारण्य. २०११ साली जाहीर झालंय, खानापूर तालुक्यातलं साधारण १९० चौरस किलोमीटर जंगल त्यात येतं, आणि अभयारण्यातनं परवानगीशिवाय कुठलाही वन्यजीव उचलणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २९व्या कलमात बसत नाही. मासा लहान आहे म्हणून सूट नाही. मामांना विचारलं तर म्हणले, "व्हाळात कुठं हद्द लिहिलीय?" खरंय, लिहिलेली नसते. पण नकाशावर तो व्हाळ हद्दीला इतका चिकटून होता की आत का बाहेर हे आम्हाला ठामपणे सांगता येईना.

पर्याय काय होते

पहिला, सगळे ठेवायचे. सरांचा कल आधी याच्याकडंच होता, आलेत तर राहूदेत. पण १३० लिटरमध्ये शिंगाळा आणि चन्ना गचुआ ठेवले की बाकीचे मासे म्हणजे त्यांचा नाष्टा. गचुआ हाताएवढा होतो, आज ना उद्या रास्बोरा त्याच्या तोंडात जाणार. आणि मल्या धबधब्याखालचा मासा, भरपूर ऑक्सिजन आणि जोराच्या धारेचा, शांत झाडांच्या टँकमध्ये तो कुढत राहतो.

दुसरा, सगळे परत सोडायचे. ऐकायला पवित्र वाटतं. पण टँकमध्ये ओतलेले वीसेक मासे आता दुकानातल्या गप्पींच्या पाण्यात रात्रभर होते, त्याच टँकमध्ये आधी व्हाईट स्पॉट होऊन गेलेला. गप्पी कुठल्या फार्मवरनं कुठले जंतू घेऊन आले कोण सांगणार? ते पाणी, ते मासे व्हाळात गेले तर नुकसान एका टँकचं राहणार नाही.

तिसरा मामांनी सुचवला, "नको असतील तर किल्ला तलावात सोडा, न्हाईतर बळ्ळारी नाल्यात." हे सर्रास होतं, घर बदललं, मासे कंटाळवाणे झाले, की तलाव. १९५२ साली चिलापी खायला मासा म्हणून देशात आणली आणि आज कुठल्याही तलावात गळ टाकला तर आधी तीच लागते, यापेक्षा मोठा दाखला द्यायची गरज नाही. देशी मासासुद्धा त्याच्या खोऱ्याबाहेर सोडला की तिथं तो परकाच. हा पर्याय पहिल्या पाच मिनिटांत बाद केला.

चौथा, हे सगळं सोडून दुकानातले "इंडियन" घ्यायचे. दुकानदाराकडं रोझी बार्ब, झेब्रा डॅनिओ, हनी गुरामी, ड्वार्फ गुरामी होते आणि डेनिसन बार्ब मागवून देतो म्हणला होता. यातले बहुतेक गंगा-ब्रह्मपुत्रेकडचे, बेळगावचे नाहीत, पण फार्मवर पैदास झालेले असल्यामुळं कुठला ओढा रिकामा होत नाही. रोझी बार्बला तर थंडी आवडते, १८-२०ला हसतखेळत राहतो. ड्वार्फ गुरामी मी टाळायला सांगतो, फार्मच्या मालात एक विषाणूजन्य रोग बोकाळलाय आणि त्याला औषध नाही. डेनिसन सुंदर, लाल-काळ्या रेघेचा, पण केरळ-कर्नाटकातल्या मोजक्या नद्यांतला, एन्डेंजर्ड यादीतला, अर्धा फूट वाढणारा, कळपानं राहणारा आणि जोराच्या धारेचा. तीन फुटांत तो घालणं म्हणजे हौसेपोटी जीव कोंडणं. शिवाय दुकानदाराला पैदाशीचा आहे का नदीतला हे विचारलं की "फार्मचंच आहे सर" एवढंच उत्तर येतं, कागद कोण दाखवतो.

पाचवा, टँक एकाच पाण्याचा करायचा. म्हणजे मामांच्या शेतातले, मलप्रभेच्या बाजूचे, छोटे, शांत पाण्यात राहणारे तेवढे ठेवायचे आणि बाकीच्यांची एकेकाप्रमाणं सोय लावायची.

पाचव्यावर सगळ्यांचं एकमत झालं, पण ते सहज नाही झालं. मुलीला देवारिओ पाहिजे होते, टबात ते उन्हात असे चमकत होते की मलासुद्धा मोह झाला. पण देवारिओ सतत पळणारा, चार-साडेचार इंच होणारा आणि झाकण नसेल तर हमखास बाहेर उडी मारणारा मासा, त्याला लांबी लागते. आणि तो व्हाळ हद्दीचा.

काय काय केलं

टँकमधलं तीस टक्के पाणी लगेच बदललं, आणि पुढचे काही दिवस रोज थोडं थोडं, बॅरलातलंच. खाणं दोन दिवस बंद. शेजारच्या गल्लीत एकाकडं जुनी चाललेली टँक आहे, त्यांच्या स्पंज फिल्टरचा एक मळका तुकडा आणून आपल्या फिल्टरमध्ये कोंबला, त्यानं आठवड्याच्या आत अमोनिया शून्यावर आला. केमिकलच्या बाटल्यांपेक्षा हा मळका स्पंज जास्त कामाचा, पण तो कुठल्या टँकमधनं येतोय हे बघून घ्यायचं, रोगट टँकचा नको.

मग टबातले. इथं निर्णय बारीक होता. टबातल्या माशांना टँकचं पाणी लागलेलं नव्हतं, एअरस्टोन नवा पाकिटातला होता, टब स्वच्छ होता, आणि ते आले त्याला एक रात्रच झालेली. ते परत जाऊ शकत होते, जिथनं आणले तिथंच, दुसरीकडं कुठं नाही. पण मोजताना मुलगी म्हणली की रात्री तिनं टबात जायचे तीन देवारिओ एका बादलीतनं दुसरीकडं करताना टँकचीच जाळी वापरली होती. ओली जाळी म्हणजे टँकचं पाणीच झालं. तिला वाईट वाटलं, पण तिनं आठवून सांगितलं हे महत्त्वाचं, न सांगता चाललं असतं. आता ते तीन कुठले हे ओळखायचं कसं? तिनं ते तिघं जाळीतनं काढून वेगळ्या छोट्या डब्यात ठेवले होते आणि ते अजून त्यातच होते म्हणून निभावलं. ते तिघं राहिले, बाकी पाच देवारिओ आणि पाच मल्या सोमवारीच मामांबरोबर परत गेले, मामांनी पाव्हण्यांच्यात जाऊन त्याच व्हाळात सोडले.

यावर एकजण मला म्हणला की कॅनमध्ये दोन खोऱ्यांचे मासे एकत्र आले तेव्हाच मिसळामिसळ झाली, मग परत सोडणं पण चूकच. मुद्दा बरोबर आहे. आम्ही तोलून बघितलं ते असं: कॅनमधल्या काही तासांचा धोका दुकानी माशांच्या पाण्यापेक्षा बराच कमी, आणि दहा निरोगी मासे विणीच्या दिवसांत व्हाळात परत जाण्याचा फायदा मोठा. दुसरा कोणी उलटं ठरवेल तर त्याला मी वेड्यात काढणार नाही.

मागं राहिलेल्यांपैकी शिंगाळा आणि ते तीन देवारिओ एका ओळखीच्यांच्या पाच फुटी टँकला गेले, तिथं देवारिओचा कळप आधीच आहे. गचुआ मुलीनं सोडला नाही. त्याला दोन फुटी वेगळी टँक, निम्म्यापर्यंतच पाणी, आणि वर काचेचं झाकण दगड ठेवून, कारण हा मासा हवेतला श्वास घेतो आणि फटीतनं बाहेर पडून ओल्या फरशीवर सरपटत जाऊ शकतो. टँकमधल्या दोन मल्यांसाठी एका कोपऱ्यात गोल गोटे आणि छोटा पॉवरहेड (पाण्याची धार मारणारा पंप) लावला. एक जगला, एक गेला.

झाडांचं काय झालं

इथं पुस्तकातलं आणि प्रत्यक्षातलं यात फरक पडला. टिक्टो बार्ब लहान आहेत, झाडांना फारसा त्रास देणार नाहीत असं वाटलं होतं. गणपतीपर्यंत रोटालाचे नुसते दांडे उरले. मऊ, बारीक पानाचं जे काही होतं ते गेलं. हायग्रोफिलाच्या पानांना भोकं पडली पण ते टिकलं. क्रिप्टोकोरीन आणि वॅलिस्नेरियाला कुणी तोंड लावलं नाही.

मग रोटालाचा नाद सोडला आणि लॅजेनँड्रा लावला, जाड पानांचा, पश्चिम घाटातलाच. पण व्हाळातनं उपटून नाही, प्लांटेड टँक करणाऱ्या एकाकडनं फुटवे घेतले. हॉर्नवर्टचा एक झुबका मुद्दाम खायलाच म्हणून सोडला, आणि आठवड्यातनं दोनदा उकळलेला पालक. पोट भरलेलं असलं की बार्ब झाडाकडं कमी वळतात हे मात्र दिसलं.

खाण्याचा पण सुरुवातीला घोळ होता. रानातला मासा पेलेट ओळखत नाही, समोर बुडाला तरी बघत बसतो. आजींनी चुरमुरे टाकून बघितले, ते फुगून फिल्टरात जाऊन अडकले. शेवटी गच्चीवरच्या बादलीतल्या डासांच्या अळ्या आणि बारीक कापलेलं गांडूळ यांच्यावर त्यांना लावलं, हळूहळू त्यात पेलेट चुरून मिसळले. रास्बोरा आधी शिकले, त्यांचं बघून बार्ब.

निकाल

वर्षभरानंतरची स्थिती अशी. नऊ बार्ब, पाच रास्बोरा (एकानं उडी मारली, झाकण त्यानंतर आलं), चार मुरी, एक मल्या. जानेवारीत पहाटे पाणी १९पर्यंत उतरलं, मासे थोडे सुस्त झाले, खाणं कमी केलं, आजारी एकही पडलं नाही. हीटर अजून कपाटात आहे. मुरी दिवसा दिसत नाहीत, वाळूतनं नुसते डोळे वर, दिवा बंद झाला की कामाला लागतात, आणि टँकचा तळ त्यांच्यामुळं स्वच्छ राहतो.

मे महिन्याच्या शेवटी वळवाचा पाऊस झाला, सरांनी गच्चीवरचं स्वच्छ पावसाचं पाणी थोडं मिसळून नेहमीपेक्षा जास्त पाणी बदललं, आणि दोन दिवसांत बार्बचे नर अंगावर लालसर झाक घेऊन माद्यांमागं हॉर्नवर्टात घुसायला लागले. अंडी बहुतेक त्यांनीच खाल्ली. मुलीनं हॉर्नवर्टाचा अर्धा झुबका उचलून टबात ठेवला, त्यातनं तीसेक पिल्लं तगली.

पुन्हा करायचं झालं तर

जाळं पाण्यात जायच्या आधी मामांशी बोलणं व्हायला पाहिजे होतं. कुठला व्हाळ, कुठल्या बाजूचं पाणी, हद्दीपासून किती लांब, हे तीन प्रश्न फोनवर विचारून झाले असते तर निम्मं प्रकरण झालंच नसतं. मामांना आपल्या टँकचं गणित माहीत असणार नाही, ते सरांनीच सांगायचं होतं.

जूनमधले चढणीचे मासे टँकसाठी नकोत. ते अंड्यानं भरलेले मासे असतात, एक धरला की पुढची किती पिल्लं गेली याचा हिशोब नाही. त्यापेक्षा दिवाळीनंतर, शेतातलं आणि दांडातलं पाणी आटायला लागतं तेव्हा डबक्यात अडकलेली पिल्लं असतात, तशीही ती उन्हानं नाहीतर बगळ्यानं जाणार. त्यातली आठ-दहा एकाच डबक्यातली घेतली तर ओढ्याला फरक पडत नाही. अर्थात जमिनीच्या मालकाला विचारून आणि अभयारण्याच्या बाहेरची.

आणि टबच आधी. सगळे मासे तीन-चार आठवडे वेगळ्या टबात, वेगळी जाळी, वेगळा मग. त्या काळात शिंगाळा कोण, मरळीतला कोण हे आपोआप कळतं, आणि नको असलेला मासा परत न्यायची वाट खुली राहते. टँकमध्ये गेला की ती वाट बंद.

ज्यांचे मामा खानापुरात नाहीत त्यांना मी अजूनही दुकानातला पैदाशीचा रोझी बार्ब नाहीतर हनी गुरामीच सुचवतो. तो आपल्या नदीचा नाही हे मान्य, पण आपल्या नदीचा मासा पाहिजे म्हणून प्रत्येकानं व्हाळ गाठला तर व्हाळात काय राहणार?

पिल्लांचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. मामांना ती त्यांच्या शेततळ्यात सोडायला पाहिजेत, म्हणतात, आमच्याच शेतातली तर आहेत. शेततळं पावसात भरून वाहतं आणि ते पाणी थेट व्हाळाला मिळतं, आणि ही पिल्लं ज्यांची आहेत ते आईबाप गप्पीच्या टँकमधले. सरांनी नाही म्हणून सांगितलंय. बारा पिल्लं मुलीच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या टँकला गेली, थोडी त्या स्पंजवाल्यांकडं, उरलेली टबात आहेत, आणि पुढच्या विणीला हॉर्नवर्ट उचलून टबात ठेवायचाच नाही असं वहिनींनी जाहीर केलंय.